गोड काजळी

आमचे परळचे घरमालक कुठल्याही गोष्टीचं नाव घेण्याआधी ती जिभेवर ठेवून बघत. मी लग्न होऊन देवगडाकडून नवी नवी मुंबईत आले, माझी पेटी अजून ओटीवरच होती, तर लाल पगडीतले हे म्हातारे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले नि म्हणाले, "पोरी, गावचं मीठ आणलंयस ना? दाखव बघू." मी पुरचुंडी सोडली. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चांगल्या आगरातलं आहे. राहा सुखानं." आमच्या ह्यांनी खोलीचं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणा, पण माझ्या मते ती जागा आम्हाला त्या मिठानंच मिळाली.

अठराशे नव्वदच्या पुढची ती वर्षं. परळ तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. लालबागेच्या अंगानं गिरण्यांची धुराडी एकामागून एक वर येत होती, आणि अलीकडे अजून माड होते, विहिरी होत्या, जुन्या मुंबईकरांचे बागबगीचे होते. सकाळचा भोंगा झाला की आधी कावळे उठत, मग माणसं. आता इतक्या वर्षांनी मला तो सगळा मुलूख आठवतो तो धुरातूनच आठवतो. पण त्या धुरानं डोळे झोंबत नाहीत. संध्याकाळी धुपाटणं घरभर फिरवल्यावर मागे राहतो ना, तसला तो धूर. कधीकधी वाटतं, हे सगळं खरंच घडलं की एखाद्या दुपारी डोळा लागला असताना मी पाहिलं.

मालक बंदरावर कस्टमात होते. मूळचे मुंबईचेच, पिढ्यान् पिढ्या कारकुनी केलेलं घराणं. जहाजातून उतरलेला माल चाखून तो कोणत्या प्रतीचा हे सांगायचं, हे त्यांचं काम. साखर, खजूर, कात, सोरा, मिरी, सगळं त्या जिभेवरून जायचं. पेन्शन झाली तरी जीभ काही पेन्शनीत निघाली नाही. विहिरीचं पाणी चाखून ते समुद्राला भरती आहे की ओहोटी ते सांगत. वर्तमानपत्र आलं की कोपरा फाडून चघळत आणि म्हणत, "शाई कडू आहे, आज बातम्या खऱ्या असतील." शीवच्या कोळीवाड्यातून एक मावशी आमच्याकडे मासळी घेऊन यायची. ती त्यांना पाहिलं की आधी पाटीवर हात आडवा ठेवायची नि म्हणायची, "जीभ लावायची नाय हां, शेट. नाकानं वास घे नि गप घरात जा."

आमचे हे म्हणायचे, "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक बोलण्याबद्दल म्हणतात. आपले मालक खरोखरच लावतात." मला हसू यायचं. पण एक गोष्ट मात्र खरी. ज्याची चव घेतली नाही त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या नोकरीबद्दल, कुणाच्या देवाबद्दल आळीत काही निघालं की ते हात वर करून म्हणत, "मी चाखलेलं नाही." आणि उठून जात. अशी माणसं मला पुढे फारशी भेटली नाहीत.

एकाच गोष्टीला ह्या नियमातून सूट होती. गिरणीचं धुराडं. त्याला ते काळतोंड्या म्हणत आणि रोज सकाळी दात घासताना फाटकाशी उभे राहून त्याला शिव्या घालत. आमचे हे त्याच गिरणीत हजेरीवर कारकून. डबा घेऊन निघाले की मालकांच्या शिव्यांखालूनच त्यांना वाकून बाहेर पडावं लागे. "तुला नाही रे," मालक म्हणत, "तुझ्या त्या काळतोंड्याला."

राग होता तो कुंपणापायी.

मालकांचं घर एक, पण दोन तोंडांचं होतं. वडील गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली. अलीकडचा भाग थोरल्यांचा, म्हणजे मालकांचा, पलीकडचा धाकट्यांचा. मधल्या बागेत भिंत घालायची वेळ आली तेव्हा धाकटे म्हणाले, भिंत नको, झाडं लावू. आणि राणीच्या बागेकडून मोरपंखीची रोपं घेऊन आले. मोरपंखी म्हणजे ते चपट्या पानांचं, पंख्यासारखं उभं वाढणारं झाड. शाळेतली मुलं विद्या येते म्हणून त्याची डहाळी पुस्तकात ठेवतात, तेच. पहिलं रोप धाकट्यांनी स्वतःच्या हातानं लावलं. बाकीची माळ्यानं लावली. रोपं गुडघ्याएवढी झाली नाहीत तोवर धाकटे तापात गेले.

मागे राहिली त्यांची बायको. तरणीताठी, मूलबाळ नाही. आणि इकडे मालक, बायको केव्हाच गेलेली, पुन्हा बोहल्यावर चढले नाहीत. आता त्या काळची रीत अशी की भावजयीनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. त्यात ती विधवा. तिला लागलं सवरलं विचारणार कोण, नि तिनं सांगायचं कुणाला? तेव्हा मालकांनी एक तोड काढली. संध्याकाळी दिवेलागणीला ते कुंपणाच्या अलीकडे उभे राहत आणि झाडालाच सांगत, "अगं मोरपंखे, धाकटीला विचार, तांदूळ आहेत ना?" पलीकडून हळू आवाज येई, "मोरपंखे, थोरल्यांना सांग, आहेत हो."

मी त्या घरात आले तोवर कुंपण पुरुषभर उंच आणि भिंतीसारखं दाट झालं होतं. दोघांचे केस पिकले होते, नि बोलणं तांदळापासून सुरू होऊन कुठच्या कुठे गेलेलं होतं. आज बंदरात कसलं जहाज लागलं होतं, आंब्याला मोहर किती आला, लहानपणी धाकटे विहिरीत कसे पडले. सगळं मोरपंखीच्या मार्फत. मी माझ्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसे आणि ते दोन आवाज ऐकत राही. मध्ये इतकं हिरवं असूनही ते कसे जवळ वाटत. मला दोन्हीकडे जायची मुभा होती, मी बाईमाणूस. पलीकडच्या बाईंना मी पाहिलं होतं. मालकांनी त्यांचा चेहरा, धाकट्याचं लग्न लागलं त्या दिवशी दुरून पाहिला असेल तेवढाच. आवाज मात्र त्यांनी रोज ऐकला.

तर ह्या कुंपणाला एका वैशाखात भोक पडलं. बरोबर मधोमध, धाकट्यांनी लावलेल्या त्या पहिल्या झाडापाशी. आतून पानं तपकिरी होऊन झडायला लागली आणि बघता बघता एक माणूस बसेल एवढी जागा उघडी पडली. आजूबाजूच्या झाडांवरही तपकिरी डाग दिसायला लागले. हात लावला की बोटं काळी होत.

"काजळी," मालक म्हणाले. "काळतोंड्यानं माझं कुंपण मारलं."

ह्यात कुणाला शंका येणार? परळात तेव्हा सगळ्यावरच काजळी बसायची. वाळत घातलेल्या धोतरावर, पापडांवर, लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या दादऱ्यावर. मासळीवाली मावशी म्हणाली दृष्ट लागली, तेवढाच एक वेगळा विचार. मालक रोज कळशीनं पाणी ओतून कुंपण धूत नि फाटकाशी जाऊन धुराड्याला शिव्या घालत. डाग वाढतच राहिले.

त्यात पलीकडच्या बाईंचे भाऊ माझगावहून आले. बाईंच्या भागाचं सगळं तेच बघत. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत काय शोभतं एवढंच त्यांना कळे. भोकासमोर उभे राहून म्हणाले, "हे काय? बिऱ्हाडकरूंची ये-जा असते इकडून. माझी बहीण अंगणात येणार कशी? पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत हे बुजलं तर ठीक. नाहीतर मी विटांची भिंत घालतो." आणि गेले.

त्या संध्याकाळी मालक भोकापासून लांब, एका बाजूला उभे राहिले. मग म्हणाले, "अगं मोरपंखे, भिंतीला काय सांगता येतं गं?"

पावसाळा गेला, कुंपणानं जरा अंग धरलं. मालक खूष. मग थंडी पडली, आणि एका सकाळी बघतात तो पानं पुन्हा काळी. ते तरातरा फाटकाकडे निघाले शिव्या घालायला, आणि अर्ध्या वाटेत थबकले. मी विहिरीवर होते. मला त्यांचा चेहरा दिसला. काहीतरी आठवल्यासारखे ते मागे फिरले, कुंपणाशी आले, आणि काळ्या पानावरून बोट फिरवून ते जिभेवर ठेवलं. इतकी वर्षं जगाची चव घेणारा हा माणूस, पण जिच्यावर एवढा राग, ती काजळी काही त्यानं चाखली नव्हती.

डोळे मिटून ते उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, इकडे ये. हात पुढे कर."

मी बोट चाटलं.

"काय लागतंय?"

"गोड," मी म्हटलं.

"काजळी कधी गोड असते का गं?"

मग ते खाली बसले, माणूस देवापुढे बसतो तसे, आणि पानांच्या आत बघायला लागले. गिरणीची काजळी वरून पडते, ती वरच्या पानावर दिसणार. ही काळी होती ती आतून, डहाळ्यांवर, नि चिकट. त्यांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, एका फांदीखाली पसरलं आणि फांदीला वरून टिचकी मारली. उपरण्यावर बारीक राखी ठिपके पडले. वाटलं, कचरा असेल. मग ते ठिपके चालायला लागले.

"मावा," ते म्हणाले. "वालाच्या शेंगांवर पडतो ना, त्याचा भाऊबंद. डहाळीचा रस पितो आणि गोड पाणी सोडतो. त्या गोडावर ही काळी बुरशी चढते. थंडीत हा खाऊन जातो, नि पान मरतं उन्हाळ्यात. म्हणून वैशाखात बघावं तर चोर गायब आणि नुसतं मढं." थोडा वेळ उपरण्याकडे बघत राहिले. "काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि मी काळतोंड्याला शिव्या देत बसलो."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते परळात दुसऱ्या कुणी केलं नसतं. फाटकाशी गेले, धुराड्याकडे तोंड करून हात जोडले नि म्हणाले, "कुंपणाचा आळ मागे घेतो. बाकीचे गुन्हे कायम." आमचे हे तेव्हाच डबा घेऊन निघाले होते. म्हणाले, "वर कळवतो हं, मालक."

मग औषध सुरू झालं. शिमग्याची पितळी पिचकारी माळ्यावरून खाली आली. रिठे भिजवून त्याचा फेस काढायचा, त्यात तंबाखू उकळलेलं पाणी घालायचं आणि कुंपणात आतपर्यंत मारायचं. वरवर नाही, आत, जिथे डहाळी बुंध्याला मिळते तिथे. पहिल्याच दिवशी मालकांनी ते पाणी वाटीत घेतलं. मी म्हटलं, "मालक, ते विष आहे." म्हणाले, "झाडाला पाजायचं ते आधी आपण चाखावं." चाखलं, आणि ओटीवर आडवेच झाले. पांढरेफटक पडले, घाम फुटला. मी घाबरून पलीकडे धावले. बाईंनी लिंबाचं सरबत करून माझ्या हाती दिलं, स्वतः कुंपणापर्यंत आल्या आणि जरा चढ्या आवाजातच म्हणाल्या, "मोरपंखे, थोरल्यांना सांग, देवानं जीभ दिलीय ती काढे चाखायला नाही. आम्हाला एकटं टाकायचं असेल तर तसं सांगावं." मालक आडवे पडल्या पडल्याच हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पिचकारीनं मावा पडायचा, फांद्या स्वच्छ व्हायच्या. पण थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग. मालक मुंग्यांकडे बघत बसायचे. "ह्या गुराखी आहेत गं," म्हणाले. "मावा ह्यांची गुरं. गोड पाण्याची धार काढतात. कुणी मारायला आलं तर हाकलतात." मध्येच एखादा लाल पाठीचा, काळ्या ठिपक्याचा, गुंजेएवढा किडा यायचा. तो मावा खातो, म्हणून मालक त्याला पाहुण्यासारखा मान देत. पण मुंग्या त्याला टिकू देत नसत. "एवढ्या मुंग्या येतात कुठून? जा बघू पलीकडे."

मी गेले. आणि जे पाहिलं ते मला आधीच ठाऊक होतं, फक्त कधी जोडून बघितलं नव्हतं. पलीकडच्या बाई रोज दिवा लावला की वाटीत साखर नि कणीक घेऊन यायच्या आणि नवऱ्याच्या नावानं मुंग्यांना घालायच्या. वैधव्य आलं तेव्हापासूनचा नेम. आणि घालायच्या कुठे, तर धाकट्यांनी लावलेल्या त्या पहिल्या झाडाच्या बुंध्याशी. सगळ्या बागेच्या मुंग्या तिथे जेवायला, आणि जेवण झालं की वर चढायच्या.

मी येऊन सांगितलं.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं, "साखर जरा चार हात लांब घाला म्हणून. एवढं काय त्यात?"

"नाही सांगायचं." इतक्या तुटकपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग जरा नरमले. "नवऱ्याला घास घालतेय ती, गेली कितीतरी वर्षं. आणि मी सांगू, की त्या घासानंच त्याचं झाड मारलं? मग ती रात्री डोळा मिटेल का?"

"नि भिंत घातली तर?"

"मुंग्यांनाच सांगून बघतो," ते म्हणाले.

मुंग्यांना सांगणं म्हणजे काय, तर त्यांनी आपल्या ओटीवर गूळ ठेवायला सुरुवात केली. चांगला कोल्हापुरी, स्वतः चाखून आणलेला. आणि बुंध्यांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या, खाली राख पसरली. हळूहळू मुंग्यांनी वाट बदलली. ओटीवर आल्या, ओटीवरून घरात, घरातून त्यांच्या गादीत, पगडीत, सदऱ्याच्या बाह्यांत. मालक सारखे कुठेतरी खाजवत असायचे. आम्हा बिऱ्हाडकरूंच्या साखरेचे डबे पाण्याच्या ताटलीत गेले. माझ्या शेजारच्या काकू पुटपुटत, "साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात, इथे मुंग्या देतायत." मी काय सांगणार? मला बोलायची बंदी होती.

पण कुंपण सुधारलं हो. गुराखी गेले, गुरं उरली. ती पिचकारीनं गेली आणि राहिलेली गुंजेएवढ्या पाहुण्यांनी फस्त केली. कोवळी हिरवी टोकं आली. फक्त ते भोक तेवढं तसंच राहिलं. मोरपंखीचं जुनं लाकूड एकदा वाळलं की त्यावर पुन्हा पान फुटत नाही, हे मालकांना तेव्हा कळलं. मी म्हटलं, निदान बाकीचं तरी वाचलं.

आणि इकडे आम्हाला पत्ता नाही, पलीकडे काय होऊन बसलं होतं. बाई संध्याकाळी कुंपणाशी बोलायच्या बंद झाल्या. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. मालक उभे राहून हाक मारत, "अगं मोरपंखे," आणि झाडातून फक्त चिमण्यांचा आवाज यायचा. मी बघायला गेले तर बाई मागच्या पायरीवर बसलेल्या. तोंड सुकलेलं.

"बाय," त्या मला म्हणाल्या, "मुंग्या साखरेला शिवत नाहीत."

मी बघितलं. बुंध्याशी कालची साखर होती, परवाची होती, दव पिऊन तिचे खडे झाले होते. कावळा पिंडाला शिवला नाही की माणसाच्या मनात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या मनात तेच आलं होतं. "ह्यांचं काहीतरी राहिलंय," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझ्या हातून काहीतरी चुकलंय. इतकी वर्षं घेत होते." त्यांनी भात सोडला होता. त्या आधीच एक वेळ जेवायच्या.

मला असा संताप आला. मी तशीच इकडे आले. मालक ओटीवर मान खाजवत बसले होते. मी म्हटलं, "मालक, कुंपण वाचलं हो तुमचं. बोलायला पलीकडे कोणी राहत नाही आता. बसा गूळ घालत." आणि सगळं सांगितलं. थोरामोठ्यांशी मी जन्मात अशी बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाच रडू आलं.

दिवेलागणीला मी पलीकडे बाईंजवळच होते. तांबूस उजेड होता, भोंगा नुकताच झाला होता, आणि धूर माडांच्या शेंड्यांवर अडकल्यासारखा राहिला होता. तेवढ्यात कुंपणातलं भोक काळोखं झालं. बघते तो मालकांनी एक तिवई त्या भोकात ठेवलेली, आणि आमच्याकडे पाठ करून ते तीवर बसलेले. पाठमोरा सदरा, वर लाल पगडी. भोक पुरतं बुजलं. बाईंनी पदर ओढून घेतला, पण त्या उठल्या नाहीत.

"अगं मोरपंखे," मालक म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "नको. आज ती मध्ये नको. अगं धाकटे, मुंग्या मी पळवल्या. गूळ घालून. कुंपण वाचवायला. त्यानं घास नाकारलेला नाही."

शहाण्या बाई होत्या. बुंध्याकडे बघितलं, वर तपकिरी फांद्यांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या साखरेनंच..."

"साखरेनं काही होत नाही," मालक म्हणाले. "मुंगीचं चुकलं."

"मग आता मी घालू कुणाला?"

पाठमोऱ्या मालकांनी उजवा हात मागे केला आणि तळवा उघडला. "मला घाल. मी त्याचा भाऊ आहे."

बाई कितीतरी वेळ त्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, वाटी घेतली, आणि वरूनच, हाताला हात न लागू देता, चिमूटभर साखर त्यांच्या तळव्यावर सोडली. मालकांनी ती जिभेवर ठेवली. डोळे मिटले असणार, मला पाठच दिसत होती.

"चांगली आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून हाच नेम झाला. दिवेलागण झाली की मालक तिवई घेऊन भोकात बसत. अक्षय तृतीयेला माझगावचे भाऊ आले तेव्हाही ते बसलेले होते, आणि ऊन होतं म्हणून डोक्यावर छत्री. भाऊ म्हणाले, "हे काय चालवलंय?" मालक म्हणाले, "तुम्ही भोक बुजवा म्हणालात. बुजवलं." भावांनी पलीकडे जाऊन बघितलं, खरोखरच अलीकडचं काही दिसत नव्हतं. विटांची गाडी त्यांनी परत पाठवली. तिवईच्या पायाशी मालकांनी नवं रोप लावलं होतं, पण ते काही केल्या लवकर वाढेना. मला वाटतं, ते त्याला पाणीच कमी घालत.

त्या बसण्यात बोलणं आता मोरपंखीला सांगायचं राहिलं नव्हतं. बाई सरळ "भावोजी" म्हणायच्या आणि ते सरळ "धाकटे". एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलं नाही ते नाहीच. ते काळतोंड्याकडे बघत बसत आणि त्या त्यांच्या पाठीकडे.

पुढे गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगाची, वर्षं आली, निम्मी आळी गावाला पळाली. मालक त्यातून वाचले आणि नंतर साध्या खोकल्यानं अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी त्यांची जीभ गेली होती. मी पेज भरवत असताना एकदा म्हणाले, "पोरी, कशालाच चव लागत नाही. तिला सांगू नकोस." त्या संध्याकाळीही आम्ही दोघांनी त्यांना उचलून तिवईवर बसवलं. ह्यांनी खांदे धरले होते. मागे हात केला, साखर जिभेवर ठेवली, आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "चांगली आहे."

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवेलागणीला पलीकडे गेले. भोकातून सरळ फाटक दिसत होतं, फाटकामागचं धुराडं दिसत होतं. बाई वाटी घेऊन आल्या. पदर ओढला नाही. तिवई तिथेच होती, कुणी हलवली नव्हती. त्यांनी तिच्यावर साखर ठेवली आणि पायरीवर येऊन बसल्या. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळानं तिवईच्या पायावरून एक मुंगी चढली, मग दुसरी, मग रांग लागली, आणि साखर उचलून ती रांग मोरपंखीच्या बुंध्याकडे वळली. मी चटकन उठले नि आत जाऊन चुलीतली राखेची मूठ घेऊन आले.

"नको, बाय," बाई म्हणाल्या. "शिवू दे."

"कुंपण जाईल, बाई."

"जाऊ दे. माझ्या भावाला निरोप पाठव. भिंत घाल म्हणावं."

मुंग्या वर चढत होत्या. मी राखेची मूठ तशीच परत नेली आणि चुलीत टाकली.